काशीच्या तोंडून

आनंदीबाईची जीभ अर्धी काढली आणि त्यानंतर तिचं बोलणं घरात कोणालाच कळेनासं झालं. मुलगा जीवन दोनदा ‘काय?’ विचारायचा आणि मान डोलवून गोदामाच्या ड्युटीवर निघून जायचा. सून नेत्रा अंदाज बांधायची; पाणी मागितलं तर उशी आणायची. शेलार गावातल्या त्या घरात आनंदीबाईचं बोलणं एकाच बाईला सरळ कळायचं, ती शेजारची काशी. आणि आनंदीबाईला उभ्या जन्मात ज्या एका बाईचा मत्सर वाटला, तीही काशीच.

कळायचं त्याला कारण होतं. आनंदीबाई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात प्रत्येक विधीला गाणं म्हणणारी बाई. चोवीस वर्षं ओळ आनंदीबाईने सोडायची आणि शेवटचा शब्द तिच्या तोंडात असतानाच काशीने मागून उचलायची, असं चालत आलं होतं. इतकी वर्षं दुसरीच्या ओठांकडे बघत काढल्यावर अर्धा शब्द पुरतो. मिश्रीने तोंड नासलं, जिभेला गाठ आली, ऑपरेशन झालं, गाठ पुन्हा मानेत उतरली. काशीला अजून अर्धाच शब्द लागत होता.

रोज सकाळी दहाला ती यायची. मानेवरची पट्टी बदलायची, पेज गाळून चमच्याने भरवायची, वेणी घालायची. “काशीकाकी आहेत म्हणून माझं निभतंय,” असं नेत्रा सगळ्या आळीला सांगत असे. आनंदीबाईचे कान शाबूत होते. काशी समोर बसली की ती आधी तिची नखं बघायची. कडेला पिवळं दिसलं म्हणजे काल कुठेतरी हळद होती.

“कुठं होतीस?”

“खोणीला.”

“बाया किती?”

“अंगण भरून.”

“मागं कोन?”

“माझी भाची. सुरात हाय, पन घाई करते.”

“तू पन करायचीस,” आनंदीबाई म्हणायची आणि पुढच्या चमच्याला तोंड मिटून घ्यायची. काशी चमचा तसाच धरून बसायची. तिला घाई नसायची, याचाही आनंदीबाईला राग यायचा.

बुधवारी भिवंडीहून माधवी सिस्टर यायची. अशा पेशंटना घरी येऊन बघणाऱ्या एका संस्थेची ती नर्स. तिने दुखण्याचं औषध नीट बसवून दिलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आनंदीबाईला सलग झोप लागली, तेव्हापासून घरात तिचा शब्द चालू लागला होता. एका बुधवारी ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “आजी, डॉक्टरांनी तुमच्यापासून काही लपवलेलं नाही. तीन महिने, चार महिने. तर तुम्हाला काय हवं, काय नको, ते तुम्हीच सांगा. मी लिहून ठेवते. ऐन वेळी घरच्यांची ओढाताण होत नाही.”

आनंदीबाई बोलू लागली आणि काशी मागोमाग सांगू लागली.

“हॉस्पिटलात न्यायचं न्हाय. नळी घालायची न्हाय. ह्याच खिडकीखाली ठेवायचं.”

सिस्टरने लिहिलं.

“मी गेली तरी मेघालीचं लगीन पुढं ढकलायचं न्हाय. वैशाखातलं वैशाखातच.”

मेघाली ही नात. नेत्राने पदर डोळ्यांना लावला. मग आनंदीबाईने काशीकडे रोखून बघत एक लांबलचक वाक्य म्हटलं. काशीने हातातली वाटी खाली ठेवली.

“मेघालीच्या हळदीला काशीनं गायचं न्हाय,” ती म्हणाली.

सिस्टरचं पेन थांबलं. “काशी म्हणजे तुम्हीच ना?”

“मीच. लिवा. अजून हाय. तिचा सूर नाकात हाय, बोलते. खारबावची धवलारीन बोलवा.”

काशी हे गिळून टाकेल, फिरवून सांगेल, अशी आनंदीबाईची खात्री होती. तसं झालं असतं तर हात झाडून सगळ्यांसमोर तिला खोटं पाडायचं, हेही ठरलं होतं. काशीने मात्र शब्दाला शब्द दिला, एकही पुढेमागे न करता.

“आजी, असंच म्हणालात?”

आनंदीबाईने मान हलवली.

“आई, जी बाई रोज तुमची—” नेत्राचा आवाज चढला.

“तू गप ग,” काशी म्हणाली. “तिचा हुकूम हाय. सिस्टर, माझ्या नाकाचं लिवलंत ना?”

दुसऱ्या दिवशी काशी दहाला आली. पट्टी, पेज, वेणी. झाल्या गोष्टीचा एक शब्द नाही. भांडली असती तर आनंदीबाईला बरं वाटलं असतं.

दहा-बारा दिवसांनी खारबावच्या धवलारणीचा फोन आला. तिला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं हवी होती. हळद लावण्याआधी धवलारीण देवांना आवतण देते आणि त्यांच्यामागून त्या घरातल्या मेलेल्यांना एकेक करून नावाने हाक मारते. ज्याला हाक नाही तो मांडवात येत नाही, असं मानतात. नेत्रा वही घेऊन बसली. आनंदीबाई सांगू लागली, काशी बोलू लागली. सासरा सावळाराम. नवरा हिरामण. दीर नामा. जीवनच्या आधीची, बाराव्या दिवशी गेलेली मुलगी, जिचं नाव ठेवायचं राहिलं आणि जिला सगळे ताईच म्हणत.

नेत्राने पेन उचललं, पण वही मिटली नाही. “आणि खाली… आईंचं? तसं व्हायला नको, पण वैशाखापर्यंत… नंतर कळवायचं राहून जाईल म्हणून म्हणते.”

“जित्या मानसाचं नाव लिवतेस?” काशी म्हणाली. “ठेव ती वही.”

आनंदीबाईच्या घशातून आवाज आला. ती हसत होती. “लिव,” ती म्हणाली, आणि हे नेत्रालासुद्धा कळलं. तिने लिहिलं, वही उघडी तिथेच ठेवली आणि दूध बघायला आत गेली.

आनंदीबाई त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण ती आपली ओळ हे ठाऊक होतं. खारबाववालीला तिने एकदा ऐकलं होतं. रेशनच्या दुकानात पुकारतात तशी ती नावं घेऊन मोकळी होते. आनंदीबाई हिरामणला हाक मारायची तेव्हा नाव लांबवून पुरा एक श्वास थांबायची, जणू तो सायकल लावून आत येईपर्यंत. तेवढं थांबणं आता एकट्या काशीला येत होतं. आपल्या मांडवात, आपल्या जागेवर, पिवळ्या नखांची काशी बसलेली असेल आणि अंगणभर बाया तिच्याकडे बघत असतील, हे तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. पण कागदावरून पुकारलं जाणं त्याहून वाईट होतं.

“तू म्हन,” ती म्हणाली.

काशी वाटी पुसत होती. “काय बोललीस? कळलं न्हाय.”

आजारपणात काशी हे पहिल्यांदा म्हणत होती. आनंदीबाईने उरलेली जीभ टाळ्याला लावायचा प्रयत्न केला. “मना हाक… तू मार.”

“खारबावची येते ना?”

“नको.”

“सिस्टरच्या कागदावर लिवलंय.”

“खोडायला सांग.”

“मी सांगायची न्हाय, वयनी.” काशीने वाटी पालथी घातली. “तुझं सगळं बोलनं माझ्या तोंडून जातं. मी हे सांगितलं तर लोक बोलतील, म्हातारीला बोलता येत न्हाय, काशीनं आपल्या मनचं घातलं. बुधवारी तूच सांग.”

बुधवारी सिस्टर आली तेव्हा काशी मुद्दाम बाहेर पायरीवर जाऊन बसली, घराकडे पाठ करून. आनंदीबाई तीनदा बोलली. सिस्टरला कळेना. “पाणी हवंय?” नेत्राने विचारलं. शेवटी आनंदीबाईने सिस्टरच्या हातातला कागद ओढून घेतला, त्यावर बोट आपटलं आणि दाराकडे, काशीच्या पाठीकडे दाखवलं. मग पेन मागितलं. कुठली ओळ हे कळत नव्हतं, म्हणून सबंध कागदावर आडवी रेघ मारून टाकली.

सिस्टरने कागद परत घेतला. मग एकेक ओळ वाचून दाखवू लागली. हॉस्पिटल नको, हे राहू दे? मान हलली. लग्न वैशाखात? हलली. “काशीनं गायचं नाही?” हात जोरात आडवा हलला.

“म्हणजे काशीकाकींनीच गायचं.”

आनंदीबाईने डोळे मिटून मान हलवली, कडू औषध घेताना हलवतात तशी.

“आणि आजी, पुढे हेही सांगता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कोणाला विचारायचं?”

बोट पुन्हा दाराकडे गेलं. नेत्राने मांडीवरची वही जरा जोरातच मिटली. आता आणखी एका बाईला काशीचा मत्सर वाटू लागला होता. ते आनंदीबाईने पाहिलं, आणि तिला थोडं बरं वाटलं.

सिस्टर गेल्यावर काशी आत आली. “म्हनून दाखव,” आनंदीबाई म्हणाली.

काशीने खिडकी लोटून घेतली, पलंगाशी उकिडवी बसली आणि हलक्या आवाजात हाक मारली. आनंदी हे नाव तिने शेवटच्या अक्षरावर लांबवलं, खाली उतरवलं आणि थांबली. आनंदीबाईने श्वास मोजला. पुरा एक. आतल्या खोलीत मेघाली मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, तीही गप्प झाली.

हा आवाज अजून वीस वर्षं तरी टिकणार होता. आनंदीबाईने त्यात खोट शोधली. सापडली नाही.

“परत,” ती म्हणाली.