फेटेवाला निशाणदार

सकाळी फोन आला तेव्हा मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. फोन दक्षिणेतल्या त्या लांबच्या शहरातून, दिरांच्या आटणीच्या दुकानाशेजारून. "वैनी, संपतराव गेलं... दम लागला, दवाखान्यात न्हेईस्तवर समदं संपलं." बोलणारा माणूसही आमच्या विट्याचाच. आमच्याकडची कितीतरी माणसं अशीच देशभर पांगलेली, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात. संपतभाऊजी, माझे धाकटे दीर, त्यांतलेच एक. पंचेचाळिशीही धड ओलांडली नव्हती. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरात उमेदीची सगळी वर्षं गेली, छातीनं तरी किती ऐकायचं? आता दीड महिना होऊन गेला. येणारा-जाणारा त्यांच्या दिलदारपणाबद्दल बोलतो. बोलू देत, खोटं नाही ते. मला मात्र आठवते ती आमच्या घराच्या पुढच्या सोप्यातली एक लढाई, आणि तिच्यावरून मी त्यांच्यावर धरलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

सहा वर्षांमागची गोष्ट. खोकल्यानं बेजार होऊन भाऊजी घरी आले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा त्या धुरात जाऊ नका. पण आटणीखेरीज हाताला दुसरं काम ठाऊक नाही, मग गावात बसून करणार काय? त्यांची बायको शालन रोज देवापुढं एकच मागायची, यांना आता इथंच राहू दे. नेमकं तेव्हा इंग्लंडहून माझ्या थोरल्या भावाचं खोकं आलं. दादा तिकडं खेळण्यांच्या धंद्यात आहे. खोक्यात टेबलावर मांडायची लढाई होती: अंगठ्याएवढे धातूचे सैनिक, एक पलटण निळी आणि एक तांबडी, पुठ्ठ्याची घरं, एक टेकडी, फासे, अंतर मोजायची पट्टी आणि नियमांचं पुस्तक. नवख्यांसाठीचा पहिला संच. दादानं लिहिलं होतं, "हा खेळ आपल्याकडं आणावा म्हणतो. ज्यानं असलं काही कधी बघितलं नाही, त्याला नुसत्या या खोक्यावरून खेळता येतं का, ते खेळून मला स्पष्ट कळव. जमत असेल तर सैनिक ओतायचं काम विट्यातच देऊ. तुझे दीर धातूतले जाणकार आहेतच." तेजाब नाही, धूर बेताचा, आणि घरचं जेवण! शालननं पत्र ऐकलं आणि गल्लीत साखर वाटायचीच काय ती बाकी ठेवली.

पहिल्याच दिवशी भाऊजींनी घोटाळा केला. मी स्वयंपाकघरात आले तर माझी फोडणीची पळी चुलीवर आणि पळीत तांबड्यांचा निशाणदार पार पातळ झालेला! "अहो, काय केलंत हे?" मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "आटवल्याबिगर कळंल कसं? शिसं हाय वैनी, थोडं कथील." आटणीवाल्याच्या हाती खेळणं दिलं की असं होतं. वर त्याच धातूतून त्यांनी नवा निशाणदार ओतलाही. निळ्यांच्या निशाणदाराला बारीक मातीत दाबून साचा केला. टोपीची किनार काही साच्यात उठेना, म्हणून तिथं कोरून फेटा काढला. अंगानं जरा जाडा झाला, नाक बसकं आलं, पण उभा मात्र ताठ. पळी मी टाकून दिली.

मग दर रविवारी दुपारी लढाई. मी इंग्रजीची मास्तरीण, त्यामुळं पुस्तक वाचून सांगायचं काम माझं. शेजारच्या काकू डोकावून म्हणायच्या, "अगं बया, दीर-भावजय भातुकली मांडून बसल्यात व्हय!" सैनिक देखणे, फासे छान, घरं झकास. पण निळे हरायचे. मी निळे घेतले तरी हरले, भाऊजींनी घेतले तरी हरले. आणि का हरलो ते बघावं, तर पुस्तकात मोक्याच्या जागी लिहिलेलं, याचे पुढचे नियम मोठ्या ग्रंथात पाहा. तो ग्रंथ खोक्यात नव्हता. एके दिवशी भाऊजींनी टेकडी उचलून निळ्यांच्या बाजूला ठेवली, तेव्हा कुठं सामना बरोबरीत आला. मी खूश! म्हटलं, "झालं तर मग. दादाला कळवते, खेळ उत्तम आहे."

भाऊजी म्हणाले, "टेकडी आपुन हलीवली. खोक्यात तसं न्हाई. नव्या गड्यानं हरावं की, पर का हरलो ते त्याला कळाय नगं? एकडाव खेळंल आन् फेकून देईल."

"पण तुमचं काम जाईल त्यानं."

"दुसऱ्याच्या मालाचा कस लावला की निघंल त्येच सांगायचं, वैनी. त्यात आपलं पोट घालायचं न्हाई."

मी भांडले. अगदी तोंडाला येईल ते बोलले, शालनचं नाव घेतलं, खोकल्याचं नाव घेतलं. ते हसले नुसते. शेवटी मी पत्र लिहिलं ते खरं लिहिलं, टेकडीची गोष्टही लिहिली. दादाचं उत्तर आलं: कळवलंस ते बरं झालं, या खोक्याचा विचार सोडला, ते तुमच्याकडंच ठेवा. पंधरवड्यात भाऊजींनी पिशवी भरली आणि पुन्हा आटणीचं दुकान गाठलं. त्यानंतर यायचे ते जत्रेपुरते. शालन मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागतं. खरं लिहिलं ते चूक नव्हतं, पण ते माझ्या हातानं लिहिलं गेलं, हे कुठं जाऊन फेडू?

परवा शालननं खोकं काढलं. आम्ही दोघींनी पुसून एकेक सैनिक आपापल्या खाचेत बसवला. खाचा मूळच्या मापाच्या, सगळे नीट बसतात. फेटेवाला तेवढा बसत नाही, फेटा आडवा येतो. झाकण लागत नाही म्हणून भाऊजींनी त्याला पहिल्यापासून बाहेरच ठेवला होता, दाराजवळच्या फळीवर. मी म्हटलं, जरा दाबून बघू का? शालननं तो माझ्या हातातून काढून घेतला, पदरानं पुसला आणि परत फळीवर उभा केला.

"ऱ्हाऊ द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "ह्यो तरी घरात ऱ्हाऊ द्या."