लघुग्रहाच्या सावलीतील आमची कोरी रेघ

लॅपटॉपच्या पडद्यावरचा तारा अचानक थरथरला आणि चौकटीबाहेर गेला. पायाखालची स्लॅब घुमत होती. वीज आल्याच्या आनंदात खालून भगवानभाई ओरडले, "सर, लाईट ऊनी!"

आम्ही म्हसावदजवळ, त्यांच्या मळ्यातील मोटरखोलीच्या छतावर होतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारा एक खडकाळ लघुग्रह त्या संध्याकाळी एका ताऱ्यासमोरून जाणार होता. आमच्या दुर्बिणीतून तो दगड दिसणे शक्य नव्हते. तारा काही क्षण विझला, तरच त्याची चाहूल लागणार होती. जमिनीवरून सरकणाऱ्या त्याच्या सावलीच्या पट्ट्यात वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले निरीक्षक आपापल्या नोंदी पाठवतात. प्रत्येक नोंदीची एक रेघ होते आणि रेघा जुळवल्या की दगडाचा आकार उमटतो. मधली रेघ आमची होती. दुर्बीण महाविद्यालयाला वर्षभरासाठी उसनी मिळालेली. ती आमच्याकडे राहणार की नाही, हे या निरीक्षणावर ठरायचे होते.

तारा पश्चिमेला खाली होता. केळीच्या बागेवरून तो दिसेल अशी उंच जागा ती एकच.

दुर्बीण मांडताना भगवानभाई म्हणाले होते, "आमी वावरमाधला दगड येचीसन फेकतस, अन् तुमी आभायमाधला दगड धुंडी ऱ्हायनात." मग सहज विचारले, "मोटर ऑटोवर शे. बंद करी दिऊ का?"

ऑटो म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे स्विच. शेतीची वीज रात्री उशिरा येणार होती. ऊन कडक, केळी कोवळी; मोटर बंद राहिली तर रात्रीचे पाणी चुकले असते. ज्याचे छत वापरायचे, त्यालाच आणखी काय सांगायचे, असे मला वाटले. मी म्हणालो, "राहू द्या."

वीज त्या दिवशी लवकर आली आणि पंप सुरू होऊन छत हादरले. मोटर बंद करून तारा पुन्हा चौकटीत आणेपर्यंत सावली निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"सर, दोन्ही बाजूंच्या लोकांना तारा विझलेला दिसला ना?"

"हो."

"मग मध्येही विझलाच असणार. तसं कळवून टाका."

"विझला असेल, मॅडम. पण मी पाहिला नाही."

"दुर्बीण जाईल."

"जाईल."

आमच्या नावापुढे 'निरीक्षण नाही' असे लिहून पाठवले. पुढे सगळ्यांच्या रेघा जुळवून काढलेली आकृती आली. दोन्ही बाजूंच्या रेघांवरून दगडाच्या मध्यभागी खोलगट भाग असावा, अशी शंका निघाली होती. ती फिटवू शकणारी एकमेव रेघ कोरी होती. असा योग माझ्या नोकरीत पुन्हा येईल, असे मला वाटत नाही.

दुर्बीण खोक्यात भरून परत गेली. ते कळल्यावर भगवानभाई महाविद्यालयात आले.

"मन्ही मोटर नडनी ना, सर?"

"नाही. माझं चुकलं."

"मी तं इचारेल व्हतं," ते हळू म्हणाले.

माझ्या 'राहू द्या'ला मी तोवर सौजन्य समजत आलो होतो. त्या घुमणाऱ्या स्लॅबवर कळले की ती नुसती भीड होती आणि तिचा भार दुसऱ्यांनी उचलला. आता ती चूक सुधारून उपयोग नाही. विभागात दुर्बीणच नाही. तरी कुणाच्या मोटरखोलीवर उपकरण मांडायची वेळ आलीच, तर मालक विचारेल तेव्हा 'हो, बंद करा' म्हणावे.