अप्पांची सीट

अप्पा पिवळ्या गाडीत बसले होते आणि त्यांना बाहेर येता येत नव्हतं.

आत जाताना ते अर्धे बसले आणि उरलेले पडले. सीट जमिनीपासून दीड वीत वर. अप्पांचा उजवा गुडघा ऑपरेशन करून बदललेला. एक पाय बाहेर, एक आत, हात दाराच्या कडेवर, टोपी मात्र जागच्या जागी.

मुंबईहून गाड्या घेऊन आलेला सेल्समन रोहन वाकून म्हणाला, "सर, जस्ट रोल आउट, सर. सगळे तसंच करतात."

"अरे, मी काय पिंप हाय का?" अप्पा म्हणाले.

शेवटी त्यांचे धाकटे भाऊ बाळासाहेब पुढे आले. त्यांनी अप्पांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना ओढून उभं केलं. अप्पांनी धोतर झटकलं, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय."

बाळासाहेब माझ्याजवळ आले. "मॅडम, ही कॅन्सल."

त्यांनी ती अजून चालवलीही नव्हती.

मी कोण ते सांगते. मी सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर गाड्या टेस्ट केल्या. रिटायर झाल्यावर इंदिरानगरच्या घरी स्वस्थ बसवेना, म्हणून महागडी गाडी घेणाऱ्यांना सल्ला द्यायला लागले. मी गाडी विकत नाही, कमिशन घेत नाही. दोन गाड्या चालवून, मोजून, त्यातली कुठली घ्यावी ते सांगते. बरेचदा दोन्ही घेऊ नका असंच सांगते. त्यामुळे सेल्समन लोक मला चहा विचारतात, पण मनापासून नाही.

हे दोघे भाऊ पिंपळगावकडचे. द्राक्षाच्या बागा, स्वतःचं पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज. सगळं एकत्र. अप्पा माझ्याकडे एकटेच आले होते. म्हणाले, "बाळूला गाडी घ्यायची हाय. पळणारी. त्याला लहानपणापासून नाद हाय. वडील गेले तव्हा कॉलेज सोडून आला, ट्रॅक्टरवर बसला, तो बसलाच. माल घेऊन रात्र रात्र गाडी चालवली. आजवर काय बी मागितलं नाय. ह्या साली मीच म्हणलं, घे."

"मग त्यांनाच विचारा ना, कुठली आवडते."

"तिथंच तर अडलंय. तो म्हणतो, अप्पा सांगतील ती. आता मला त्यातलं काय कळतं? मला सायकल बी येत नाय. तुम्ही त्याच्या पोटातलं काढा."

मी इंजिनातले आवाज काढलेत. माणसाच्या पोटातलं काढायचं काम पहिल्यांदाच आलं होतं. पण अप्पांचं म्हणणं मला कळलं. चुकीची गाडी दारात आली असती, तर बाळासाहेबांनी ती हसतमुखाने जन्मभर चालवली असती आणि कोणाला पत्ता लागू दिला नसता.

तर आता शहराबाहेरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. निळी आणि पिवळी. निळीचं इंजिन पुढे, नाक लांब, सीट जरा उंच, मागे डबा-पिशवी ठेवण्यापुरत्या दोन जागा. पिवळीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी, गाडीच्या मध्यात. याला मिड-इंजिन म्हणतात. जड वस्तू मध्ये असली की गाडी वळणावर चटकन फिरते. त्याची किंमत म्हणून बाकी सगळं सोडायचं. सीट दोनच, गाडी जमिनीला चिकटलेली, मागून येणारं काहीही दिसत नाही.

रोहन सांगत होता, शून्यापासून शंभर किती सेकंदांत.

"आन् शंभरवर गेल्यावर थांबायचं कुठं?" अप्पांनी विचारलं. रोहनकडे त्याचं ब्रोशर नव्हतं.

मी बाळासाहेबांना म्हटलं, "कॅन्सल नंतर करा. मला दोन गाड्यांची तुलना करायला बोलावलंय. दोन्ही चालवा. मी शेजारी बसते."

आधी निळी काढली. महामार्गाला लागलो तसे बाळासाहेब सुरू झाले. पिकअप एक नंबर. ब्रेक एक नंबर. एसी एक नंबर. त्यांनी मला या वर्षीची छाटणी, द्राक्षाचे भाव, पुतणीचं लग्न, सगळं सांगितलं. ठरलेल्या ठिकाणी वळलो, परत आलो.

मग पिवळी. दार लावलं, स्टार्ट केली, इंजिन पाठीमागे गुरगुरलं आणि बाळासाहेबांचं बोलणं बंद झालं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. कारखान्यात ड्रायव्हरला विचारलं, गाडी कशी वाटली, तर तो साहेबाला आवडेल ते सांगतो. म्हणून आम्ही विचारत नसू. शेजारी बसून बघत असू. ज्या गाडीत माणूस गप्पा मारतो, ती गाडी त्याला पुरेशी वाटलेली नसते.

बाळासाहेबांनी गाडी वेगाने हाकली नाही. तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी ती नीट चालवली. प्रत्येक गिअर जागच्या जागी, हात सैल, नजर लांब. वळायची जागा आली आणि मागे गेली. पुढचीही गेली. मग एका ढाब्याजवळ ते एकदम भानावर आले.

"मॅडम, वळायचं राहिलं का?"

"राहिलं."

"सांगायचं ना!"

"मला घाई नाही," मी म्हटलं.

परत आल्यावर ते उतरले, चावी रोहनच्या हातात दिली आणि म्हणाले, "निळीच बरी."

"का?"

त्यांनी थोडा विचार केला. "डिकी मोठी हाय."

पळणारी गाडी डिकीसाठी घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते. मी सरळ अप्पांकडे गेले. "अप्पा, तुमच्या भावाला पिवळी आवडलीय. डिकीबद्दल ते खोटं बोलतायत."

"मग पिवळी घ्या," अप्पा म्हणाले.

"घ्यायची नाय," बाळासाहेब मागून म्हणाले. तोवर त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. "अप्पा, तुम्हाला बसता येत नाय ती गाडी आपल्या दारात नको."

"मी नाय बसलो तर काय बिघडतंय? पोराटोरांना बसव."

"बिघडतं."

मला वाटलं, नुसता मान ठेवतायत. मग अप्पांनीच खाली बघत सांगितलं. त्यांच्या घरात नवीन गाडी आली की पूजेनंतर आधी घरातला मोठा माणूस बसतो, चालवणाऱ्याच्या शेजारी. एक फेरी होते. तोवर गाडी घरची नाही, शोरूमची. वडील गेल्यापासून हा मान अप्पांचा. पहिला ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक, घरातल्या गाड्या. चालवायला बाळू आणि शेजारी अप्पा. ट्रॅक्टरला शेजारची सीट नसते, तर मडगार्डवर अप्पा.

"शेजारी अप्पा नसले तर मला गाडी चालवायला करमत नाय," बाळासाहेब म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

खरं सांगते, मला भरून आलं. मी टेप काढली आणि पिवळीची उंची मोजू लागले. माझा तोच उपाय असतो.

रोहनने सुचवलं, "मॅडम, या कारला नोज लिफ्ट आहे." म्हणजे बटण दाबलं की गाडीचं नाक थोडं वर उचललं जातं, स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून. "नाक उचलून अप्पांना काय फायदा?" मी विचारलं. "ते बोनेटवर बसणार आहेत का?" तसा पोरगा वाईट नव्हता.

माणूस गाडीत बसला की त्याच्या खुब्याची जी उंची येते, तिला आम्ही एच-पॉइंट म्हणतो. खुर्चीइतकी असली तर म्हातारं माणूस आरामात बसतं, उठतं. पाटाइतकी असली तर नवीन गुडघा ऐकत नाही. पिवळीची पाटाइतकी होती. ती वाढवता येत नाही. टप आडवा येतो.

काही ठरलं नाही. रोहन गाड्या ट्रेलरवर चढवू लागला. "आलाच हाय तर चहाला चला," अप्पा मला म्हणाले. म्हणून आम्ही त्यांच्या पॅकहाऊसवर गेलो. चहा अंगणात आला. समोर त्यांचा वजनकाटा होता, मालाचे ट्रक तोलायचा. हा काटा जमिनीत पुरलेला नव्हता, जमिनीवर उभारलेला होता. लोखंडी फलाट, दोन टोकांना चढायला रॅम्प. त्यावर एक पिकअप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर खाली उभा राहून सीटवरची पिशवी काढत होता. त्याला हात वर करावा लागत होता.

मी कप खाली ठेवला आणि पुन्हा टेप काढली.

सीट वर होत नाही, पण गाडी फलाटावर चढवली तर अप्पा खाली होऊ शकत होते.

पिकअप हलवायला लावली. फलाटावर, अगदी कडेला, पिवळीच्या सीटच्या उंचीएवढी फळी-विटांची बैठक रचली. "अप्पा, खाली जमिनीवरच उभे राहा. पाठमोरे व्हा. आता बसा."

अप्पा बसले. खुर्चीत बसावं तसे. उठले. परत बसले. मग दोन्ही पाय उचलून आत घेतल्यासारखे केले आणि फलाटावर, विटांच्या त्या बैठकीवर, समोर बघत बसून राहिले. बाळासाहेब न सांगता त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. पॅकहाऊसच्या बाया काम थांबवून बघत होत्या.

"बाळू," अप्पा म्हणाले, "डिकीचं काय?"

"खड्ड्यात गेली डिकी," बाळासाहेब म्हणाले.

मी त्यांचा आनंद थोडा आवरला. हा रॅम्प ट्रकचा, आखूड आणि उभा. पिवळी त्यावर चढली तर वरच्या कडेला तिचं पोट टेकणार. रॅम्प लांब आणि कमी चढाचा हवा. मी मापं दिली. बाळासाहेबांनी जुना रॅम्प दुसऱ्याच दिवशी फोडला. गाडी यायच्या आधी रॅम्प तयार होता. गाडीसाठी रस्ता करणारे लोक मी पाहिलेत, काट्याचा रॅम्प करणारे हेच.

पूजा काट्यावरच झाली. अप्पा बसले तसा काट्याचा आकडा हलला. बाळासाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "अप्पा, वजन वाढलंय तुमचं." मग फेरी झाली.

अडचण एकच राहिली आणि ती मी आधीच सांगितली होती. अप्पांना चढायला काटा लागतो, तसाच उतरायलाही लागतो. काटा पॅकहाऊसवर आहे. त्यामुळे अप्पा पिवळीतून कुठेही जातात, पण कुठेच उतरत नाहीत.

परवा त्यांचा फोन आला. वणीच्या देवीला जाऊन आले म्हणाले.

"गडावर चढलात?"

"कशाला? खालूनच हात जोडले, काचेतून. चहा बी गाडीतच आणून दिला हॉटेलच्या पोरांनी."

"मग गेलात कशाला एवढ्या लांब?"

"बाळूला चालवायची होती," अप्पा म्हणाले. "आन् मला काय, शेजारीच बसायचं होतं."

आता कोणी पळणारी गाडी निवडायला बोलावलं, की इंजिनाचं मी नंतर विचारते. आधी विचारते, शेजारी कोण बसणार? बहुतेक लोक गोंधळतात. त्यांनी तिथवर विचारच केलेला नसतो. अशांना मी निळी घ्यायला सांगते. तिची डिकी खरंच मोठी आहे.