लॅपटॉपच्या पोटातला दुसरा संगणक

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. दोन हजार आठ-नऊचा सुमार. कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पंपांची ड्रॉइंग ईमेलने बाहेर विकली गेली होती, आणि ईमेलवर नाव होतं तिथल्याच एका ड्राफ्ट्समन मुलीचं. मालकाने तिला गेटबाहेर काढलं होतं आणि आता त्याचा एकच धोशा, "साहेब, उचला तिला." मुलगी गडहिंग्लजची, घर तिच्या पगारावर. अटक झाली असती तर बिचारी आयुष्यातून उठली असती. मी ठणकावलं, पुरावा मिळाल्याशिवाय तिला हात लावणार नाही.

खबर दिली कारखान्याच्या वॉचमनने. "साहेब, मेल सोमवारी गेलंय न्हवं? सोमवारी आमाला सुट्टी असतीया. त्या दिवशी पोरगी आत आलीच न्हाय की!" ड्रॉइंग कारखान्याबाहेर नेता येत होती फक्त मॅनेजरच्या लॅपटॉपवरून.

लॅपटॉप पंचांसमोर जप्त केला. मूळ हार्डडिस्क सील करून तिची प्रत तपासाला घेतली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका मॅडम तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या. त्यांना एक अवाढव्य फाईल सापडली. "हा आत बसवलेला दुसरा संगणक आहे," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरा चालवायची सोय, चालू असल्याशिवाय उघडणार नाही."

मी मॅनेजरला एवढंच विचारलं, "ही फाईल कसली?" इतका वेळ 'मला कॉम्प्युटरातलं काय कळतंय' म्हणणारा गडी पटकन बोलला, "ती चालत न्हाय साहेब, ह्या मॉडेलला व्हर्च्युअलायझेशनच न्हाय." आयला! मी तर तो शब्द काढलाच नव्हता.

मॅडमनी प्रोसेसरचा नंबर ताडून पाहिला. सोय होती. डिस्कची प्रत लॅपटॉपमध्ये बसवली. तो सुरू होतानाच बायोस, म्हणजे त्याची मूळ सेटिंग, उघडली, तर तिथे ती सोय बंद केलेली. चालू केली, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं. तरी फाईल उघडेना. मॅनेजर गालात हसला. माझं टाळकं सरकलं, पण मॅडम शांत होत्या. "नुसत्या रीस्टार्टने भागत नाही. पूर्ण बंद करून बॅटरी काढू." तसं केलं आणि आतला संगणक सुरू झाला. ड्रॉइंग, मुलीच्या नावाने उघडलेलं ईमेल खातं, गिऱ्हाइकाशी झालेला सौदा, सगळं तिथेच होतं. मॅनेजरने हात जोडले. "चुकलं साहेब."

मुलीला ठाण्यात बोलावून म्हटलं, "बाळ, आता निवांत घरी जा."

"घरी न्हाय साहेब. ज्या गेटातनं मला हाकललं, तिथनंच आत जायचंय मला."

जीपमध्ये बसवून तिला घेऊन गेलो. पाळी सुटत होती. मालकाला गेटवर बोलावलं आणि सगळ्या कामगारांदेखत त्याच्या तोंडून वदवून घेतलं, "हिनं काही केलेलं नाही." तेव्हा कुठे ती पोरगी रडली. आरोपपत्र दाखल झालं की तपास संपतो, असं आम्हाला शिकवलेलं. पण चारचौघांत लागलेला बट्टा चारचौघांतच पुसावा लागतो, आणि तेही पोलिसाचंच काम आहे, हे मला त्या मुलीने शिकवलं.