अर्धी पिशवी नाचणीचं पीठ

मुरबाडच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील आज चुलीवर भाजायला घेतले आणि त्या वासासरशी मी जपानातल्या त्या गावात जाऊन पोचले. समुद्रकाठचं, भरदुपारी माणूस दिसणार नाही असं शांत गाव. माझा मुलगा प्रकाश तिथे नोकरीला होता. बारा वर्षांपूर्वी मी आठवडाभर त्याच्याकडे राहिले होते.

त्याची म्हातारी घरमालकीण अंगणात निखाऱ्यांवर सुके मासे भाजायची. आमच्या गावी, डोळखांबला, सुकटीच्या वासाने नाक धरून पळणारा माझा पोरगा तिच्यासमोर गुडघे मोडून बसायचा आणि काटे काढून तिला वाढायचा. माझ्या ताटातला काटा त्याने कधी काढला नव्हता.

मी घरून नेलेल्या नाचणीच्या पिठाची भाकरी त्याने तिला दिली. तिने ती डोळे मिटून खाल्ली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“आये, तिला अजून एक पायजे. थाप ना,” प्रकाश म्हणाला.

“पीठ संपलं रे,” मी म्हटलं.

अर्धी पिशवी माझ्या बॅगेत होती. तशीच ती मी विमानातून परत आणली.

म्हातारी आता नाही. प्रकाश फोनवर अजून हळहळतो, “तवा थोडं पीठ उरायला पायजे होतं, आये.”

“नाय ना उरलं,” मी अजून तेच सांगते.