भालेराव सरांचे सातवे प्रकरण

प्रा. शमुवेल भालेराव सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या लाल शाईतून झाली. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. निबंधात ‘प्रकाश म्हणजे ज्ञान’ असे लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो. सरांनी त्याखाली रेघ ओढून समासात लिहिले होते, ‘उजेड कोणावर पडला? त्याचे पुढे काय झाले?’

मी विचारायला गेलो. सरांनी बायबलमधल्या पौलाची गोष्ट सांगितली. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर आकाशातून प्रकाश आला, पौल जमिनीवर कोसळला आणि तीन दिवस त्याला काही दिसेना.

“ज्ञान कसलं घेऊन बसलात?” सर म्हणाले. “माणूस आंधळा झाला. आधी तेवढं लिहा.”

सरांनी निवृत्तीपर्यंत नाशिकला मराठी शिकवले. रविवारी दुपारी ते दिंडोरीला जात आणि द्राक्षबागांत मजुरी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर बायबल वाचत. आजही जातात. देव माणसाला प्रकट होतो तेव्हा उजेड का येतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. देव ज्यातून बोलला ते पेटलेले झुडूप दिसले तेव्हा बायबलमधला मोशे मेंढरे राखत होता, हे ते कधी वगळत नाहीत. देवाला भेटून पर्वतावरून उतरलेल्या मोशेचा चेहरा इतका तेजस्वी झाला होता की लोक जवळ यायला घाबरले; त्याला तोंडावर आच्छादन घ्यावे लागले. असा उजेड ज्याच्यावर पडतो त्याची आधी अडचणच होते, असे सर म्हणतात.

माझी आई आजारी होती तेव्हा सर पंचवटीत आमच्या घरी डबा घेऊन आले. आमचे घर पुजाऱ्यांचे. आईने विचारले, “तुमच्यात आजाऱ्याला काय म्हणतात हो?”

“आमच्यातही आधी जेवलात का, असंच विचारतात, वहिनी.”

आई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

या विषयावरचे सरांचे पुस्तक त्यांच्या पंचाहत्तरीला प्रकाशित व्हायचे होते. संपादन माझ्याकडे होते. सहा प्रकरणे जुळवून झाली, मुद्रिते तपासून झाली. छपाईला चार दिवस असताना सरांचा फोन आला. “थांबवा.”

त्या रविवारी दिंडोरीच्या वाचनात मार्थाबाई बोलल्या होत्या. त्या बागेत छाटणीला जातात. त्यांचा तरुण मुलगा गेल्या वर्षी वारला. सरांनी पुस्तकाचा शेवट वाचून दाखवला : जिथे देव, तिथे प्रकाश.

“सर, पण मोशे अंधारात गेला ना?” बाई म्हणाल्या. “लोक लांब उभे राह्यले अन् तो दाट अंधारात गेला. देव तिथंच व्हता. तुमीच वाचून दाखवलंय.”

सरांनी हातातली पाने खाली ठेवली.

“माझ्या घरात वरीस झालं उजेड नाय. मग देव बी नाय का?”

“मला माहीत नाही, मार्थाबाई,” सर म्हणाले. “मी हे बघितलंच नाही.”

मी चिडलो, हे इथे कबूल करतो. बायबलमधल्या एका वचनासाठी सगळे पुस्तक अडवायचे? पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीचे अध्यक्षही समजूत घालायला गेले. “सर, पंचाहत्तरी पुढं ढकलता येत नाही हो.”

“मग पुस्तक ढकला. पंचाहत्तरीला माझी काही हरकत नाही.”

मला सरांनी वेगळे समजावले. “त्या वचनावरून मी कितीदा गेलो असेन. उजेड शोधत होतो, म्हणून अंधार दिसला नाही. ही चूक छापून मी बाईंच्या हातात देऊ?”

म्हणून हा लेख ज्यात आहे तो गौरवग्रंथ निघतो आहे आणि सरांचे पुस्तक निघालेले नाही. सर सातवे प्रकरण लिहीत आहेत. लिहिलेले पान रविवारी मार्थाबाईंना वाचून दाखवतात. आतापर्यंत तीनदा बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “लय चांगलं हाय, सर. पन माझं उत्तर नाय यात.” सर ते पान घडी करून खिशात ठेवतात आणि पुन्हा लिहायला बसतात. मी आता तगादा लावत नाही.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी ते नेमक्या कामासाठी चिंततो. सरांची प्रकृती ठणठणीत राहो, दिंडोरीचे जाणे-येणे न चुको. मार्थाबाई ‘हां, हेच’ म्हणेपर्यंत त्यांना आयुष्य मिळो. आणि तेवढेच मार्थाबाईंनाही.