मधला लाकडी दांडा

साठ सालाच्या आसपास, अकोल्यात पितळी भांड्यांना निकेल चढवण्याच्या आमच्या कारखान्यात एक वायरमन येत. बोलणं थोडं, आणि कुणी ‘चालते तसंच’ म्हटलं की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहत.

करंट कमीजास्त करायचा रेग्युलेटर भांडी बुडवायच्या टाकीला लागूनच होता. ओल्या हाताने तो फिरवताना आमचा एक कामगार शॉक लागून फेकला गेला. वाचला, पण टाकीकडे फिरकेना.

मालक म्हणाले, “रबरी हातमोजे आणा.”

वायरमन म्हणाले, “मोजे फाटतात, मालक. मोठ्या करंटचा अन् हाताचा संबंधच नाई पायजे.”

वायरमनने रेग्युलेटर पलीकडच्या खोलीत नेला. भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर लाकडी दांड्याने त्याच्या मुठीला जोडली. ती मोटर बॅटरीवर उलटसुलट फिरवणारी दोन बटणं तेवढी टाकीजवळ आणली. दोनदा दांडा निसटला. तिसऱ्यांदा मीटरचा काटा हवा तिथे थांबला.

मी बटण दाबायला हात पुढे केला.

“थांबा. पयले मले पाहू द्या.”

बादलीत हात बुडवून त्यांनी दोन्ही बटणं आळीपाळीने दाबली. मग कामगाराला हाक मारली, “ये गा. आता तुले काई होत नाई.”

तो दबकत आला. त्याने एक बटण दाबेपर्यंत वायरमनने दुसऱ्या बटणावर टेकवलेलं आपलं ओलं बोट काढलं नाही.